समोरून उघडणारा सदरा

१२ नोव्हेंबर

ठकू,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. तुझा घरचा पत्ता मिळाला नाही, म्हणून तुझ्या कपड्यांच्या कारखान्यावर पाठवतोय. पाकिटावर 'पॅटर्न विभाग' असं लिहिलंय. तुमच्याकडे असा विभाग नसेल तर हे पत्र बटणांच्या एखाद्या खोक्यात जाऊन पडेल आणि माझी फजिती कोणाला कळणार नाही, तेही बरंच. कारखान्यात फोन करता आला असता, पण तू आवाज ओळखून फोन ठेवशील अशी धास्ती वाटते. पत्र निदान उघडेपर्यंत तरी हातात राहतं.

मी शिवण शिकतोय. आधी हसून घे. चाळीस वर्षं नकाशे काढले, आता निवृत्त होऊन भिंतीकडे बघत बसलोय, तर म्हटलं काहीतरी नवीन करू. तुझं मशीन जिन्याखाली होतं. ते बाहेर काढून पुसलं, तेल दिलं, पट्टा नवा घातला. सुईत दोरा कुठून कुठून फिरवून आणायचा हे कळायलाच एक दुपार गेली.

पॅटर्न कुठून आणायचे हा पहिला प्रश्न. दुकानातली तयार पाकिटं महाग वाटली, आणि नवशिक्याने एवढे पैसे घालून कापडाची वाट लावायची हे काही बरं नाही. वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंनी संगणकावर शोधून दिलं. 'नवशिक्यांसाठी मोफत' म्हणून ढिगाने सापडतं. एक सदरा निवडला, त्याची अठरा पानं छापून घेतली, घरी जमिनीवर पसरून एकाला एक चिकटवली, कापड कापलं, तीन दिवस खपून शिवलं. बाही माझ्या कोपरालाच अडली. ग्रंथपालबाईंनी पहिलं पान हातात घेतलं आणि कोपऱ्यातल्या एका चौकोनावर बोट ठेवलं. तो पाच सेंटिमीटरचा भरायला हवा. माझा चार पूर्णांक सात भरला. छापताना यंत्राने प्रत्येक पान थोडं आक्रसून कागदात बसवलं होतं. प्रमाण तपासल्याशिवाय मी आयुष्यात एक रेघ ओढली नाही, आणि फुकटचा कागद म्हटल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. कपाळावर हात मारून घेतला.

तेव्हा जाणकार म्हणून तूच सांग. नवशिक्याला झेपतील असे पॅटर्न फुकट किंवा स्वस्तात कुठे मिळतात? मला सदराच हवा आहे. पूर्ण समोरून उघडणारा, बटणं मोठी, कापड मऊ चालेल असा, आणि हात वर न करता घालता येईल असा.

तुझी आई बरी आहे. हे पत्र लिहितोय ते तिला माहीत नाही. परीक्षेच्या आधी कपड्यांच्या आकृत्यांचे तुझे सगळे कागद रद्दीत गेले आणि तू परीक्षा सोडून, घर सोडून गेलीस, त्याला आता सहा वर्षं झाली. त्या दिवशी तू तिला जे बोललीस ते मला अजून ऐकू येतं. तुमच्या दोघींच्या मध्ये मी पडत नाही. पॅटर्नचं तेवढं कळव.

बाबा

३ डिसेंबर

ठकू,

तुझं उत्तर नाही. रागावून लिहीत नाही, नुसती नोंद करतोय. कामं असतील.

दरम्यान माझी शोधाशोध चालू आहे. रद्दीच्या दुकानात जुन्या पॅटर्नची एक पेटी मिळाली. हरखून घरी आणली, तर आधीच्या मालकांनी सगळे कागद सगळ्यात आतल्या रेघेवर कापलेले. म्हणजे लहानात लहान माप तेवढं उरलेलं, मोठी मापं कात्रीखाली गेलेली. ग्रंथपालबाई म्हणाल्या की मूळ कागद कधी कापायचाच नाही, त्यावर पातळ कागद ठेवून आपलं माप उतरवून घ्यायचं. हे मला सुचायला हवं होतं. आमच्या खात्यात मूळ नकाशाला कात्री लावणाऱ्याला लोकांनी फाडून खाल्लं असतं.

मग त्यांनी शिवणाची जुनी मासिकं काढून दिली. त्यांच्या मध्ये एक मोठा घडीचा कागद असतो, त्यावर वीस-पंचवीस कपड्यांच्या रेघा एकावर एक छापलेल्या. लोक म्हणे तो बघून पळ काढतात. मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. तासाभरात त्या गुंत्यातून मी एक सदरा सोडवून काढला, शिलाईसाठी कडेने माया सोडली, आणि जुन्या चादरीचा एक नमुना शिवून पाहिला. या वेळी बाही बाहीसारखी झाली. बाईंनी सगळ्या वाचनालयासमोर कौतुक केलं.

पण एक अडचण आहे. जो पॅटर्न बघावा तो अर्धाच दिलेला असतो. कापड दुमडा, घडीवर ठेवा, कापा, की दुसरी बाजू आपोआप तशीच निघते. समोरचा भाग असेल तर एकच कागद उलटासुलटा दोनदा ठेवायचा. सगळे असं धरून चालतात की माणसाची डावी बाजू उजवीसारखीच असते. समजा नसली तर? समजा डावीकडे कापड नुसतं लोंबतंय आणि उजवीकडे नीट बसतंय, आणि डावा दंड उजव्यापेक्षा बराच जाड आहे, सुजल्यासारखा, तर कागद कुठे कापायचा आणि कुठे वाढवायचा? फुकटच्यात नाही, विकतच्यातही नाही, कशातच हे सापडत नाही.

समोर एक शेजारीण राहते, तिच्यासाठी विचारतोय.

बाबा

२० डिसेंबर

ठकू,

तुझं पाकीट मिळालं. टपालवाल्याच्या हातूनच घेतलं आणि जिन्यातच उघडलं. चार ठिकाणं लिहून पाठवलीस त्याबद्दल काय म्हणू. शाळेच्या शिवणाच्या पुस्तकात मागे आकृत्या असतात हे मला ठाऊकच नव्हतं. कापड विकणाऱ्या कंपन्या नाव नोंदवलं की पहिला पॅटर्न फुकट देतात तेही नव्हतं. आणि अंगाला चांगला बसणारा जुना कपडा उसवला की तोच सगळ्यात स्वस्त पॅटर्न, हे वाचून मी कपाटाकडे बघत राहिलो. तसा कपडा आता नाही.

खाली तू दोन ओळी लिहिल्यास. 'माप अंगावरून घ्या, कपड्यावरून नको. कोणासाठी आहे?' पूर्वी तू मला अरेतुरे करायचीस. चिठ्ठीत 'घ्या' आहे. असो, तेवढं चालायचंच.

तू बरोबर ओळखलंस, मी कपड्यावरूनच माप घेतलं होतं. दोरीवर वाळत घातलेल्या तिच्या जुन्या सदऱ्याला गुपचूप टेप लावला होता. शेजारणीच्या, म्हणजे. शिवून झाल्यावर तो सदरा तिच्या अंगावर असा दिसला की आत अजून एक माणूस मावेल. माणूस सहा महिन्यांत इतका उतरतो हे दोरीवरच्या कपड्याला कुठून कळणार.

मग अंगावरून माप घ्यायचं ठरलं. ती आधी तयारच होईना. शिंप्याकडे जायचं तिने केव्हाच बंद केलंय. म्हणते, अनोळखी माणसाचा टेप तिथे येऊन थबकतो आणि तो माणूस दुसरीकडे बघायला लागतो. शेवटी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि मला म्हणाली, "मी काय नकाशा आहे का?" मी म्हटलं, नकाशे सोपे, ते उलटून बोलत नाहीत. तेवढ्यावर जरा हसली. मी मापं घेत गेलो, आकडे मोठ्याने म्हणत गेलो, आणि डावीकडे आलो तेव्हा माझाही टेप थबकला. तिनेच टेपवर वाकून आकडा वाचला आणि मला लिहायला सांगितला.

मापं वेगळ्या कागदावर जोडली आहेत. डावी आणि उजवी वेगळी लिहिली आहेत. उजवा खांदा पाऊण इंच खाली आहे, तेही लिहिलंय. तुला वेळ असेल तर आकृती काढून दे. कच्ची असली तरी चालेल, बाकी मी निभावून नेईन.

बाबा

१७ जानेवारी

ठकू,

पॅटर्न आला. गुंडाळी उलगडून टेबलावर पसरली आणि बराच वेळ नुसता बघत बसलो. कामातला माणूस कामातल्या माणसाची रेघ ओळखतो. डावा भाग वेगळा, उजवा वेगळा, कुठेही घडी नाही. डावीकडे छातीवर बारीक चुण्या अशा दिल्यास की कापड लोंबणार नाही आणि आत काही कमी आहे हेही कोणाला कळणार नाही. डाव्या बाहीत काखेखाली एक चौकोनी तुकडा घातलास, दंडाला जागा व्हावी म्हणून. हे मला शंभर वर्षांत सुचलं नसतं.

आणि प्रत्येक तुकड्यावर तू 'आई' असं लिहिलंस.

उजव्या खांद्याने घात केला ना? तीस वर्षं वह्यांचं ओझं त्याच खांद्यावरून नेलं तिने. तुझा पहिला कपडा तू तिच्याच मापाचा शिवला होतास, तेव्हा तो पाऊण इंच तूच शोधला होतास आणि मला येऊन सांगितला होतास. मी मूर्ख, शेजारणीच्या नावावर तो तसाच लिहून पाठवला.

तर आता खरं सांगतो. जूनमध्ये निदान झालं, जुलैत शस्त्रक्रिया. डावी बाजू पूर्ण काढली. नंतर डावा हात सुजला, तो खांद्याच्या वर जात नाही. तुला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती. म्हणाली, ती दया म्हणून येईल, आणि दया म्हणून आलेली मला बघवणार नाही. मी शपथ पाळली म्हण किंवा मूग गिळून बसलो म्हण. उपचार चालू आहेत. डॉक्टर फार बोलत नाहीत.

तिला तुझा पॅटर्न दाखवला. चष्मा लावून सगळे तुकडे एकेक करून वाचले, गणिताचे पेपर तपासायची तशीच. 'आई' या शब्दावर थांबली. मग चुण्या मोजल्या. सात आहेत म्हणाली. नंतर उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मी बाहेर मशीनवर बसलो, पण पाय चालवले नाहीत, कारण आतून येणारा आवाज मला ऐकायचा होता आणि ऐकवतही नव्हता.

सदरा शिवून झालाय. कॉलर थोडी वाकडी आहे, ती माझी चूक, तुझी नाही. बाकी असा बसलाय की ती आरशात समोरून, बाजूने, सगळीकडून बघत राहिली. जुलैपासून ती आरशासमोर गेली नव्हती.

पॅटर्नसोबतच्या चिठ्ठीत तू विचारलंस, येऊ का. मी तिला विचारलं. ती नाही म्हणाली नाही. पण ठकू, एवढ्यात येऊ नकोस. या औषधांत तिची ताकद फार कमी झाली आहे, बाहेरच्या माणसाचं येणं-जाणं नको असं डॉक्टर म्हणतात. फेब्रुवारी संपू दे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ये, मी स्वतः स्टेशनवर येईन. तोवर पत्र लिही तिला. लिहवत नसेल तर अजून एखादा पॅटर्न पाठव.

बाबा

९ मार्च

ठकू,

हे पत्र मी तू निघालीस त्या संध्याकाळी लिहायला हवं होतं. खरं तर सहा वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. आज पाचवा दिवस. घरात मी एकटा आहे, आता लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही हे मला माझ्या स्वभावावरून माहीत आहे.

एकोणतीस फेब्रुवारीपर्यंत ती चालत होती. एक तारखेला अंथरुणातून उठली नाही. दोनला मी तुझ्या कारखान्यात फोन केला. तू पहिल्या गाडीने निघालीस, तरी चार तास उशीर झाला. तू आलीस तेव्हा तोच सदरा तिच्या अंगात होता. तू खाली बसलीस, वाकडी कॉलर नीट केलीस, तिच्या कानाशी तोंड नेलंस आणि म्हणालीस, "आई, मी तुला माफ केलं गं. कागदांचं सगळं विसरले मी."

मी दारात उभा होतो. दोन पावलांवर. आणि मी बोललो नाही.

ठकू, तुझे कागद तिने रद्दीत घातले नाहीत. मी घातले.

तू आठवडाभर मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होतीस. ती तुझ्यावर चिडली होती हे खरं. जाळून टाकीन हे कागद, असं तुला तोंडावर म्हणालीही होती. पण बोलून तिचा राग संपायचा, हे तुला माहीत आहे. मी बोलत नाही, करतो. मला वाटलं, हे कागद डोळ्यांसमोरून गेले की तू परीक्षेला बसशील. माझ्याकडे पदवी नव्हती. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं माझी साहेब झाली आणि मी तेवीस वर्षं त्याच टेबलावर बसलो. तुझं तसं होऊ नये एवढंच डोक्यात होतं. मंगळवारी सकाळी ती शाळेत गेली आणि मी रद्दीवाल्याला वर बोलावलं. तू तीन वर्षं काढलेल्या आकृत्या होत्या. मी चाळल्या. चांगल्या होत्या, मला कळत होतं की चांगल्या आहेत. तरी दिल्या.

तू परत आलीस, कपाट उघडलंस आणि थेट तिच्याकडे वळलीस. "तूच केलंस ना?" तिने माझ्याकडे बघितलं. तिला तेव्हाच पहिल्यांदा कळलं होतं. ती माझ्यासाठी थांबली, ठकू. मी बोलावं म्हणून ती चांगली थांबली, तुला ते तुझ्या रागात दिसलं नाही. मी पायाकडे बघत राहिलो. मग ती म्हणाली, "हो."

नंतर मी तिला विचारलं, असं का केलंस. ती म्हणाली, "दोघांवरही रुसून गेली तर तिला यायला घर उरणार नाही. एकाला तरी पत्र लिहील." तू मलाही लिहिलं नाहीस, आणि सहा वर्षं ती टपालवाल्याची वेळ झाली की गॅलरीत जाऊन उभी राहायची. एकदाही ती मला टोचून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता जानेवारीचं. तू येऊ का विचारलंस तेव्हा ती 'नाही' म्हणाली नाही एवढंच मी लिहिलं, ते अर्धंच. ती म्हणाली, "येऊ दे तिला. पण आधी तुम्ही तिला रद्दीचं सांगा. मला आता तिच्यासमोर खोटं तोंड घेऊन बसायचं नाही. वेळ नाही माझ्याकडे." मी हो म्हटलं. त्याच रात्री सांगायला बसलो आणि त्याऐवजी ते सतरा जानेवारीचं पत्र लिहिलं. डॉक्टर असं काहीही म्हणाले नव्हते. बाहेरच्या माणसाचं येणं नको हे मी रचलं. मला दीड महिना हवा होता, हिंमत गोळा करायला. रोज ती विचारायची, लिहिलंत का? रोज मी म्हणायचो, लिहिलं, उत्तर यायचंय.

म्हणजे तिला वाटत राहिलं की तुला खरं कळलंय आणि तरीही तू येत नाहीस. ती ते घेऊन गेली. तू हे पुरतं वाचायला हवंस. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ती मला म्हणाली, "तिला म्हणावं, बाबांवर एवढा राग धरू नकोस." माझ्याबद्दल म्हणाली. तिला वाटलं तू माझ्यामुळे येत नाहीस.

तू दोन दिवस राहिलीस. स्वयंपाकघर आवरलंस, औषधं टाकून दिलीस, माझ्या सदऱ्याचं बटण लावलंस. निघताना म्हणालीस, "बाबा, वेळेवर जेवत जा रे." सहा वर्षांनी तो 'रे' आला आणि मी तो निमूट घेतला. स्टेशनवर तुला हात केला. गाडी गेल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकतो, कारण आता काही लपवून ठेवायचं नाही. घरी आलो, तर तिच्या गॅलरीत जाऊन उभं राहवेना.

मी क्षमा मागत नाही. मागितली तर तू कदाचित देशील, एकटा आहे, म्हातारा आहे म्हणून, आणि मी तीही निमूट घेईन. पुन्हा आलीस तर दार उघडं आहे, नाही आलीस तर का ते मला कळेल. हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, टपाल कचेरीत जाऊन खिडकीवरच्या माणसाच्या हातात देणार आहे, म्हणजे परत मागता येणार नाही.

तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. तू तिच्या कानात जे बोललीस ते परत घे. तिने काही केलंच नव्हतं.

बाबा